मुनीमला घरात घेण्याविषयी

धडगाव, अक्राणी महाल
९ जानेवारी १९२०

प्रिय निजाम यास कांतीलालचा सलाम.

वडील मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले तेव्हा तुझे कार्ड आले होते. त्यानंतर मी तुला लिहिलेले हे पहिलेच पत्र, आणि तेही कामासाठी. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुला टोमणा मारायला जागा उरणार नाही. शहाद्याच्या शाळेत आपण पाच वर्षे एका तरटावर बसलो, त्या हक्काने लिहीत आहे.

सोमवारी संध्याकाळी आमच्या घोडीच्या गोठ्यात उदमांजर शिरले. घोडीचे नाव केसर. तिच्याच पाठीवर मीठ आणि कापड घेऊन मी पाड्यापाड्याने फिरतो. गोठ्यात आमचा कुत्रा होता. त्याने मांजराला कडब्यामागे कोंडले आणि भुंकत उभा राहिला. मांजराने पाठ फिरवली आणि जे काही सोडले ते कुत्र्याच्या तोंडावर, दांडीवर टाकलेल्या, घोडीच्या पाठीवर घालायच्या लोकरीच्या नमद्यावर आणि झुलीवर पडले. उदेसिंग काठी घेऊन धावला. उदेसिंग म्हणजे आमच्या शेजारच्या पाड्यावरचा पावरा, माझ्या मालाबरोबर ये-जा करतो. मी त्याला मारू दिले नाही, कूड सरकवून मांजराला वाट करून दिली. ते आमच्याकडे न बघता निघून गेले.

वास कसा, हे लिहून सांगता येत नाही. झूल मी टाकून दिली. नमदा टाकवत नाही, कारण तो तुझ्या वडिलांच्या हातचा आहे. आणि कुत्रा तर टाकण्याची गोष्टच नाही.

त्याचे नाव मुनीम. वडिलांनी त्याला तळोद्याच्या बाजारातून पिशवीत घालून आणले होते. दिवसभर तो दुकानात तराजूशेजारी बसतो आणि आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने बघतो, म्हणून वडिलांनी हे नाव ठेवले. नऊ वर्षे तो त्यांच्या खाटेखाली झोपला. ते गेले तरी तो तिथेच झोपतो. त्या खाटेखाली तो दिसला नाही की मला बरे वाटत नाही.

आता आई म्हणते, वास जाईपर्यंत कुत्रा उंबऱ्याच्या आत येणार नाही. आईपुढे मी बोलत नाही. आणि बाहेर बिबट्या आहे. दिवाळीपासून त्याने उदेसिंगचे दोन कुत्रे नेले, एक ओट्यावरून आणि एक बैलांच्या मधून. म्हणजे गोठ्याचाही उपयोग नाही. शिवाय केसर मुनीमला जवळ येऊ देत नाही, लाथा झाडते. उदेसिंगने त्याला आपल्या झोपडीत बांधून पाहिले, तर दोरी कुरतडून तो परत येऊन आमच्या उंबऱ्यावर बसला.

मामला इतका साधा आहे. मी त्याच्यावर पाणी ओतले, त्याने वास वाढला. तू लोकरीत जन्म काढलास. काय करू ते लिही.

तुझा
कांतीलाल


नंदुरबार
१७ जानेवारी १९२०

कांतीलाल,

टोमण्याला जागा तू ठेवली नाहीस, पण मी करून घेतो. सव्वा वर्षाने मित्र आठवला आणि तोही मांजराच्या पार्श्वभागामुळे. असो. आठवला हे काय कमी आहे.

पाणी ओतलेस ही चूक झाली. उदमांजराचा वास तेलकट असतो. पाणी त्याला हलवते, नेत नाही. आधी सुके, मग ओले, हा आमच्या धंद्याचा नियम आहे.

कुत्र्याचे आधी बघू. त्याचे डोळे साध्या पाण्याने पूस. मग चुलीतली थंड झालेली राख चाळून अंगभर चोळ, केसांच्या मुळापर्यंत. अर्धा तास बसू दे. बसेल का, हा तुझा आणि त्याचा प्रश्न. मग राख झाडून आंबट ताकात बेसन कालवून लाव, कानामागे आणि गळ्याखाली जास्त, कारण तिथे वास दडून बसतो. ते वाळायला लागले की रिठ्याच्या कोमट पाण्याने धू. उन्हात सोड. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा कर. त्यापलीकडे करू नकोस, कातडी सुटेल.

नमद्याला तू हात लावू नकोस. तुझ्या उत्साहाची मला भीती आहे. कोणी कढत पाणी सुचवील आणि बाबांच्या हातचा नमदा आकसून बसण्याचा पाट होईल. तो टोपलीत सुक्या राखेत गुंडाळून उदेसिंगबरोबर माझ्याकडे पाठव. मी मुलतानी मातीत आठ दिवस पुरतो, मग रिठा देतो, मग सावलीत वाळवतो. नाकाने पसंत केल्याशिवाय मी कोणताही माल परत देत नाही, हे तुला ठाऊक आहे.

अख्तरबानो मजेत आहे. आमची पोरगी फरजाना चालू लागली आणि लोकर पिंजायच्या कमानीच्या तातीला हात लावते. तातीचा आवाज झाला की स्वतःच दचकते आणि पुन्हा लावते. काकींना माझा आदाब सांग. त्यांचा उपवास अजून चालू आहे असे इथल्या तुमच्या मंडळींकडून ऐकतो. सगळे फार आदराने बोलतात.

मुनीमसाठी लवकर लिहीत आहे. तुमचा टपालाचा हरकारा आठवड्याला एकदाच घाट चढतो, नाहीतर हे दोन दिवसांत पोचले असते.

निजाम


धडगाव
३० जानेवारी १९२०

प्रिय निजाम,

नमदा उदेसिंगबरोबर पाठवला तो तुला मिळाला म्हणे. परत आल्यावर तो नंदुरबारची गंमत सांगत होता, की तू टोपली उघडलीस आणि शेजारचे दोन दुकानदार उठून गेले, आणि तू मात्र मान खाली घालून शांतपणे नमदा उलगडत बसलास. तुझी छाती मोठी आहे.

मुनीमला तू सांगितले तसे सगळे केले. राख लावली तेव्हा तो बसला. ताक-बेसनही त्याला आवडले, कारण त्यातले बरेच त्याने चाटून घेतले. तिसऱ्या दिवशी पुन्हा केले. मग मी त्याच्या मानेत नाक खुपसून पाहिले. मला कुत्र्याचा वास आला, उदमांजराचा नाही. दुकानात आलेल्या चार माणसांना मी हेच करायला लावले. त्यांनी केले, आणि आता गावात माझ्या डोक्याविषयी बोलणे चालू आहे.

पण आई म्हणते, वास आहे. तो अंगणात असला तरी ती पदर नाकाला लावते. मी म्हटले, मला येत नाही. ती म्हणाली, ‘तुले नही येत, माले येस. मी काय खोटं सांगस?’ मी पुन्हा दोनदा धुतला.

तुला आईचे माहीत आहे. वडिलांचे दिवस झाल्यावर तिने आमच्या जैनांतले आयंबिल व्रत धरले, ते आज चौदा महिने अखंड चालू आहे. दिवसातून एकदा उकडलेला भात किंवा मूग, तोही गार. तूप नाही, तेल नाही, दूध नाही, मीठ-मसाला नाही. शहाद्याहून, तळोद्याहून आमची माणसे घाट चढून तिच्या पाया पडायला येतात. तिला ते आवडत नाही असे दिसते. माणसे आली की ती मागच्या दाराने परसात जाते. त्यामुळे लोकांचा आदर आणखी वाढतो. वडिलांमागे तिने हे एवढे कठीण व्रत चालवले आहे, तेव्हा एका कुत्र्यासाठी तिचा शब्द मी मोडावा हे माझ्याच्याने होत नाही.

उदेसिंगचा तिसरा कुत्रा मंगळवारी गेला. मुनीमला मी दिवेलागणीला दुकानाच्या ओट्यावर पेट्यांच्या मागे बसवतो आणि पुढे फळी लावतो. ती फळी माणसाला अडवील, बिबट्याला नाही.

तुझा
कांतीलाल


नंदुरबार
८ फेब्रुवारी १९२०

कांतीलाल,

नमदा तयार आहे आणि उद्या तुमच्याकडे येणाऱ्या बैलगाडीवाल्याच्या हाती देतो. तळोद्यापासून पुढे तो उदेसिंगकडे सोपवील. दहा दिवस मातीत होता. तीनदा रिठा दिला. मी स्वतः हुंगून पाहिला आहे, दोन्ही बाजूंनी, घडी घालून आणि घडी मोडून. आता त्यात लोकरीशिवाय कसलाही वास नाही. अख्तरबानोही तेच म्हणते, आणि तिचे नाक तर इतके तिखट आहे की मी तपकिरीची डबी कुठे लपवली ते तिला कळते.

एका कडेला कसर लागली होती, ती मी नवी लोकर भरून बुजवली. बाबांचे काम आणि माझे काम कुठे जुळते ते शोधून दाखव.

कुत्र्याला आता धुऊ नकोस. चार वेळा पुष्कळ झाले. केसांचे तेल गेले की थंडी लागते, आणि तुमच्याकडची थंडी मला माहीत आहे. असे कर, नमदा आला की तो केसरच्या पाठीवर टाक. घोडी वासाच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. तिने ठेवून घेतला, तर वास गेला समज. मग तोच नमदा घरात नेऊन काकींना दाखव. त्यांची नमद्याविषयी खात्री पटली, तर त्याच उपायांनी धुतलेल्या मुनीमविषयीही पटेल.

काकींच्या व्रताबद्दल तू लिहिलेस. ‘तोही गार’ असे लिहिले आहेस. गारच का?

निजाम


धडगाव
२० फेब्रुवारी १९२०

निजाम,

नमदा पोचला. केसरने पाठ हलवलीसुद्धा नाही. मुनीमलाही ती आता जवळ उभे राहू देते. मी तो नमदा आनंदाने घरात नेला. आईने तो दोन हातांवरून पाहिला आणि उलटी येणाऱ्या माणसासारखे तोंड फिरवले. म्हणाली, आधी होता त्याहून वाईट आहे, आणि हे बाहेर टाक.

एवढ्यावर थांबले नाही. ती म्हणते, वास घरभर पसरला आहे. हिंगाच्या डबीला येतो. उदेसिंगने नवे तूप आणले, त्यालाही येतो. तिने तुपाचे मडके गोठ्यात ठेवायला लावले. माझ्या पागोट्याला येतो म्हणून तेही मी धुतले. मला येत नाही, घोडीला येत नाही, पण आईला येतो, आणि घर तिचे आहे.

कुत्र्याला तू नको म्हणालास तरी मी आणखी तीनदा धुतले. त्याच्या कानामागे फोड आले आहेत. आता मला पाहिले की तो पेटीमागे जातो. नऊ वर्षांत तो मला पाहून कधी लपला नव्हता.

तू लिहिलेस की स्वतः हुंगून पाहिले. एक तर तू हुंगला नसशील, किंवा तुझे नाक कामाचे राहिले नसेल. तुझ्या नाकावर माझा भरवसा उरलेला नाही. इथे एकाने घासलेट लावायला सांगितले आहे. त्याने कातडी भाजते हे मला कळते, पण भाजलेला कुत्रा घरात राहील आणि धुतलेला कुत्रा बिबट्याच्या पोटात जाईल, असा हिशेब आहे. पुढच्या टपालापर्यंत थांबतो. तुझ्याकडे याहून कडक काही असेल तर लिही, नसेल तर मी घासलेट लावतो.

कांतीलाल


नंदुरबार
२७ फेब्रुवारी १९२०

कांतीलाल,

हे पाकीट बंद आहे, घरात मोठ्याने वाचू नकोस. तुमच्याकडे आलेले प्रत्येक पत्र ओसरीवर वाचले जाते हे मला माहीत आहे. हे एक वाचू नकोस.

घासलेट लावू नकोस. कुत्रा ते चाटील आणि मरेल, मग बिबट्याला यायचीही गरज नाही. त्याच्या फोडांना खोबरेल आणि हळद लाव आणि त्याला आता सोडून दे. धुण्यासारखे त्याच्या अंगावर काही उरलेले नाही.

माझ्या नाकाविषयी तू लिहिलेस ते मी वाचले. त्याचे उत्तर नंतर देईन. आधी मला एवढे सांग. काकींना तुपाचा वास कसा येतो, म्हणजे कशासारखा? हिंगाचा, गुळाचा, फुलांचा कसा येतो? सगळ्यांचा एकच येतो की वेगवेगळा? अन्न गार असताना त्या जेवतात आणि गरम असताना नाही, असे आहे का? त्यांना स्वतःला मानमोडी झाली होती का, आणि व्रत त्याच्या आधी धरले की नंतर? तू जवळ जाऊन बसलास की त्या काय करतात?

त्यांना काही विचारू नकोस. नुसते बघ, आणि जसे दिसेल तसे लिही. तुला हिशेब लिहायची सवय आहे, तसे लिही.

निजाम


धडगाव
६ मार्च १९२०

प्रिय निजाम,

चार दिवस पाहिले. जसे दिसले तसे लिहितो.

तुपाविषयी बोलताना ती एकदा म्हणाली, ‘केस जळना वास.’ गुळाच्या ढेपेवरून उठून गेली तेव्हा पुटपुटली, तेही केसांविषयीच. शेजारणीने मोगऱ्याचा गजरा आणला, तो तिने देवाला वाहिला नाही, अंगणातल्या तुळशीपलीकडे ठेवला. मुगाची वाफ निघत असताना ती चुलीपासून दूर उभी असते आणि पार गार झाल्यावर जेवते. जेवताना श्वास धरते. हे मी पंधरा महिने समोर बसून पाहिले नव्हते.

तिला मानमोडी झाली होती. वडिलांच्या बाजूच्याच खाटेवर ती नऊ दिवस होती. ती उठली त्याच्या आदल्या दिवशी वडील गेले. व्रत त्यानंतर धरले. वडिलांसाठी आहे असे ती कधीही म्हणालेली नाही. ते आम्ही म्हणालो, मग शहाद्याचे लोक म्हणाले.

मी जवळ बसलो की ती पदर सारखा करते. तो नाकावरून जातो. मी समजत होतो की विधवा झाल्यापासून ती संकोचते.

गुरुवारी दिवेलागणीला बिबट्या आला. फळी पडल्याचा आवाज झाला म्हणून मी आणि उदेसिंग कंदील घेऊन धावलो, ओरडलो. त्याने मुनीमला सोडले. डावा कान अर्धा गेला आहे आणि मानेवर दोन दातांच्या जखमा आहेत. जगेल. आई दारात उभी होती. तिने त्याला पाहिले, एक पाऊल पुढे आली, आणि तोंडावर पदर घेऊन आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. तरीही तिने ‘आत आण’ म्हटले नाही, आणि मी आणला नाही. मला त्या रात्री तिचा फार राग आला. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही.

बिबट्या पुन्हा येईल. चाखून गेलेली जागा तो सोडत नाही, असे उदेसिंग म्हणतो.

काय विचारायचे हे तुला कसे कळले?

तुझा
कांतीलाल


नंदुरबार
१४ मार्च १९२०
(दोन कार्डे, बारीक अक्षरांत)

कांतीलाल,

हे मुद्दाम उघड्या कार्डांवर लिहीत आहे. टपालात वाचतील, वाचोत. हे मात्र ओसरीवर मोठ्याने वाच. काकींना सलाम सांग आणि त्यांच्यासमोर वाच.

तुझा माझ्या नाकावर भरवसा नाही, हे बरोबर आहे. मला नाक नाही. मानमोडीतून उठलो तेव्हापासून मला कसलाही वास येत नाही. तुझा नमदा मी हुंगला हे खोटे लिहिले. तो अख्तरबानोने हुंगला. दीड वर्ष माझी सगळी लोकर तीच हुंगते, आणि मी गिऱ्हाइकासमोर गठ्ठा नाकाशी धरून मान डोलावतो. मागच्या पावसाळ्यात पाठीमागे लोकर जळत होती आणि मी पिंजत बसलो होतो. शेजाऱ्याने विझवली. आता हे कळले की लोकरवाले मला कुजकी लोकर आणून देतील. देवोत.

पण वास एकदम गेला नाही. पहिले तीन महिने उलटे होते, सगळ्याला एकच वास होता, जळक्या केसांचा. तूप, कांदा, अत्तर, माणूस, सगळ्याला. गार भात तेवढा गिळता येई. मी सांगितले, पोट बिघडले आहे. फरजाना तेव्हा जन्मली. बारशाला सगळे म्हणाले, बाप मुलीला घेत नाही, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवतो. मी घ्यायचो आणि मला ओकारी यायची. दहा दिवसांच्या पोरीच्या टाळूचा वास मला तसा येत होता, हे मी कुणाला सांगणार होतो? अख्तरबानोलाही सांगितले नाही. ती मला दगड समजली आणि मी तिला समजू दिले.

हा आजार आहे, कांतीलाल. त्यात ना पाप आहे ना पुण्य. ज्याला झाला त्याने तो मागितलेला नसतो.

निजाम


धडगाव
२५ मार्च १९२०

प्रिय निजाम,

कार्डे गेल्या आठवड्यात मंगळवारी आली. हरकाऱ्याने ती वाटेत वाचली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. त्याने ती माझ्या हातात दिली आणि पाणीसुद्धा न मागता गेला.

आई ओसरीवर सुपात मूग निवडत बसली होती. मी दुसऱ्या पायरीवर बसून तू सांगितले तसे मोठ्याने वाचले. ‘मला नाक नाही’ इथे ती हसली. जळक्या केसांशी आलो तेव्हा सुपातला हात थांबला. वाचून झाले. ती म्हणाली, ‘परत वाच.’ मी पुन्हा वाचले. तिसऱ्यांदाही वाचले.

मग ती बोलली. तिचे बोलणे तसेच उतरवतो, कारण ते मला विसरायचे नाही.

‘त्याले तीन महिना. माले दीड वरीस व्हयनं. हाऊ तप नही शे, कांती. मी तप करीच नही. माले खावायेच नही. लोके पाय पडेत, आते कोणता तोंडे सांगू की मी उपाशी शे, तपसी नही? तुन्हा बाप गया, मी धड रडनू नही, लोकेस्नी माले देव करी टाकं.’

मी विचारले, मला का सांगितले नाहीस? ती म्हणाली, ‘तुन्हाबी वास येस, भाऊ. पहिलापासून येस. माय आंडोरले, पोटना पोरले, कसं सांगी?’

मला काय वाटले ते लिहितो. मला हलके वाटले. सोळा महिने मी समजत होतो की वडील गेले आणि आई माझ्यापासून उठून गेली, की मी त्यांच्याजागी पुरा पडलो नाही. तसे नव्हते. तिला नुसता वास येत होता. मी तिथेच पायरीवर बसून रडलो, आणि ती पदर नाकाला लावून माझ्याकडे बघत होती.

मुनीम अंगणात होता, मानेला पट्टी. आईने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘त्याना वास येस. तुन्हाबी येस. तुले घरमा ठेवस, मंग त्याले बाहेर कसाले ठेवू?’

मी त्याला हाक मारली. तो आला नाही, माझ्या हातात पुन्हा राख किंवा ताक असेल असे त्याला वाटले असावे. तेव्हा आई उठली. तिने तुझ्याकडून आलेला नमदा गोठ्यातून स्वतः उचलून आणला, लांब हातावर धरून, तोंड दुसरीकडे करून, आणि वडिलांच्या खाटेखाली अंथरला. मग तो आला. उंबऱ्यावर थांबून तिच्याकडे बघितले, आणि आत जाऊन आपल्या जागी बसला. बिबट्या शुक्रवारी येऊन गेला. सकाळी ओट्यावर पावले होती, आणि पेट्यांच्या मागे कोणी नव्हते.

रविवारी शहाद्याहून तीन बायका पाया पडायला आल्या. आई परसात गेली नाही. तिने पाय मागे घेतले आणि त्यांना सांगितले की हे तप नाही, आजार आहे. एकीला राग आला, दोघी बसल्या. त्यातली एक म्हणाली की तिच्या जावेलाही मानमोडीनंतर कढी चालत नाही, आणि घरात तिला नखरेल म्हणतात.

आईने तुला विचारायला सांगितले आहे की तू आता फरजानाला जवळ घेतोस का? तिला उत्तर हवे आहे, लवकर लिही. आणि अख्तरबानोवहिनींना फरजानाच्या टाळूच्या वासाची ती गोष्ट अजून सांगितली नसशील, तर आधी ती सांग. हे आई नाही, मी म्हणतो.

काल आई माझ्याबरोबर जेवायला बसली. पाट माझ्या पाटाला लावून घेतला. तिच्या ताटात गार भात होता आणि नाकावर पदर होता. माझे जेवण होईपर्यंत ती उठली नाही.

तुझा
कांतीलाल